धाकटा ‘असाच’ का होतो?

सांगलीच्या एका आईने विचारलं आहे. मोठी मुलगी दहावीला ९४ टक्के मिळवून आता अकरावी सायन्सला आहे. धाकटा आठवीत, तिच्याच शाळेत. सहावीपर्यंत घर डोक्यावर घेणारा हा मुलगा गेल्या वर्षभरात घुमा झालाय. अभ्यासाचा विषय निघाला की जेवता जेवता उठून जातो. मात्र गल्लीच्या तोंडाशी ओळखीच्या काकांचं दुचाकीचं गॅरेज आहे, तिथे तासन्‌तास रमतो. आजी म्हणतात, शेंडेफळ आहे, लाडाने बिघडलाय. वडील म्हणतात, धाकटे असेच असतात, मीही तसाच होतो. आईंचा प्रश्न असा की हे खरोखर धाकटेपणामुळे होतं का, आणि आता त्यांच्या हातात काय आहे.

तुमच्या हातात बरंच आहे. पण त्यासाठी ‘धाकटे असेच असतात’ हे वाक्य आधी घरातून हद्दपार करा. ते वाक्य आहे तोवर कुणी काही करणार नाही. जे जन्मानेच ठरलं, त्याला उपाय कसला, असं सगळ्यांना वाटत राहतं. मुलालासुद्धा.

या समजुतीला शास्त्राचं वजन आलं ते आल्फ्रेड अ‍ॅडलर या व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञामुळे. साधारण शंभर वर्षांपूर्वी त्यांनी मांडलं की भावंडांतल्या क्रमावरून स्वभाव घडतो. थोरला जबाबदार, दुसरा ईर्ष्येने धावणारा, शेवटचा लाडावलेला, ही चित्रं तिथूनच घरोघरी पोचली आणि आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. मात्र २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या सुमारे २० हजार लोकांची माहिती तपासली, तेव्हा मोकळेढाकळेपणा, मनाचा तोल, मनमिळाऊपणा, नेटकेपणा यांपैकी कशातही थोरल्या-धाकट्यांत फरक सापडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ३ लाख ७७ हजार शाळकरी मुलांवरचा अभ्यास आला. त्यात दिसलेले फरक इतके बारीक होते की रोजच्या जगण्यात ते कुणाला जाणवायचेही नाहीत.

माझ्या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेला अभ्यास नॉर्वेचा आहे. तिथे सैन्यभरतीच्या वेळी तरुणांची बुद्धिमत्ता चाचणी होते. अशा जवळपास २ लाख ४० हजार तरुणांच्या नोंदींवरून २००७ मध्ये एक गोष्ट पुढे आली. थोरल्यांचे गुण दुसऱ्यांपेक्षा सरासरी दोन-अडीच गुणांनी जास्त होते. फरक किरकोळच. पण ज्यांचं थोरलं भावंड तान्हेपणीच दगावलं होतं, म्हणजे जे जन्माने दुसरे पण घरात थोरले म्हणून वाढले, त्यांचे गुण थोरल्यांइतकेच निघाले. पोट तेच, आईवडील तेच, जन्माचा क्रमही दुसराच. बदललं होतं ते फक्त घरातलं स्थान. तुमच्या मुलाकडे पाहताना हे डोळ्यांपुढे असू द्या. तो कितवा जन्मला हे कुणाला बदलता येणार नाही. घराने, शाळेने, गल्लीने त्याला कुठे बसवलंय, हे मात्र बदलता येतं.

हे स्थान कुणी ठरवून देत नाही, म्हणून ते दिसतही नाही. माझ्याकडे असं कुटुंब आलं की मी सगळ्यांना एकत्र बसवून धाकट्याला एखादा बिनमहत्त्वाचा प्रश्न विचारते. एकदा असाच एक आठवीतला मुलगा समोर होता. विचारलं, “रविवारी सकाळी काय खाल्लंस रे?” त्याने तोंड उघडेपर्यंत आई म्हणाली, “पोहे.” बहीण म्हणाली, “नाही गं आई, पोहे शनिवारी. रविवारी इडली.” वडील त्याच्याकडे वळून म्हणाले, “अरे सांग ना मॅडमना, तोंड नाही का तुला?” मी तिघांनाही हाताने थांबवलं आणि गप्प बसून राहिले. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, “इडली.” आणि जरा थांबून, “चटणीला फोडणी मी दिली होती.” वडील आणि बहीण दोघांनी एकदम आईकडे पाहिलं. तिने मान डोलावली. तिला माहीत होतं, पण सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नव्हतं.

त्या घरात प्रेमाची कमतरता मुळीच नव्हती. प्रत्येक जण त्याच्या वतीने बोलत होता तो मायेपोटीच. तो दोन वर्षांचा असताना बोबडं बोलायचा, तेव्हा ताई त्याचं बोलणं सगळ्यांना समजावून सांगायची, ते सगळ्यांना गोड वाटायचं. तेव्हाची सवय तेरा वर्षांच्या मुलापाशीही तशीच चालू राहिली होती.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण धाकटेपण म्हणजे नुकसानच असं मुळीच नाही. धाकट्याच्या कानावर जन्मापासून इतरांचं आपापसातलं बोलणं पडत असतं. एकट्या मुलाशी मोठी माणसं बोलतात तेव्हा त्याच्यासाठी ‘तू’ आणि स्वतःसाठी ‘मी’ वापरतात. धाकटा मात्र आई आणि ताईचं बोलणं ऐकतो, आणि तेच ‘मी’ आणि ‘तू’ क्षणाक्षणाला इकडून तिकडे जाताना पाहतो. कॅनडात १९९६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दुसरी मुलं ही सर्वनामं थोरल्यांपेक्षा आधी नीट वापरताना आढळली. समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय, त्याचा समज कसा चुकीचा असू शकतो, हे ओळखण्यातही भावंडं असलेली मुलं पुढे असतात, असं त्याच दशकातल्या काही अभ्यासांत दिसलं. ज्युडी डन या संशोधिकेने केंब्रिजच्या घरांत बसून भावंडांची भांडणं, खोड्या, समजुती टिपल्या. अगदी दीड-दोन वर्षांचं मूलसुद्धा थोरल्याला नेमकं कशाने चिडवायचं आणि कशाने मनवायचं हे शिकलेलं असतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

म्हणजे तुमचा मुलगा तेरा वर्षं तुमचं घर वाचत आलाय. बाबांचा आवाज कशाने मऊ होतो, आजी पाहुण्यांना कौतुकाने काय सांगते, कपाटावर कुणाची पदकं आहेत, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ‘हुशार’ ही जागा घरात भरलेली आहे, हेही त्याने केव्हाच ओळखलंय. अशा वेळी मूल बहुतेकदा थोरल्याच्या वाटेला जात नाही. तिथे जाऊन दुसरं येण्यापेक्षा तो दुसरीकडे सरकतो. भावंडं एकमेकांपासून अशी मुद्दाम वेगळी होतात हे मानसशास्त्रात १९७० च्या दशकापासून नोंदलेलं आहे, आणि वयाने जवळच्या, सारख्या शाळेतल्या भावंडांत मला ते वरचेवर दिसतं. तुम्हाला जो अभ्यासाचा कंटाळा वाटतोय, त्यात मला हे सरकणं दिसतं.

हे आज जास्त तीव्र का झालंय, त्याला आपल्या घरांचा आकार कारण आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आला. म्हणजे आता धाकटा हा बहुधा दोनांतला दुसराच असतो. वाड्यात किंवा एकत्र कुटुंबात चुलत-आत्ये मिळून सात-आठ पोरं असायची. एक गणितात पुढे, एक गाणारी, एक झाडावर चढण्यात पटाईत, एक नुसताच सगळ्यांना हसवणारा. कुणाचं तरी कशात तरी नाव व्हायचंच, आणि आईने रागावलं तर काकूच्या पदराआड जाता यायचं. चार माणसांच्या फ्लॅटमध्ये मुलं दोन आणि मोजपट्टी एक, गुणांची. तिच्यावर एक वर असणार आणि दुसरा खाली असणार, याला इलाज नाही. त्या जुन्या घरांत सगळं छान होतं असं मी म्हणत नाही. तिथे धाकट्या सुना आणि धाकटी पोरं किती दबून राहायची हेही मी पाहिलंय. पण आईवडिलांपलीकडच्या मायेच्या माणसांची जी सोय तिथे आपोआप होती, ती आता मुद्दाम करावी लागते.

तुमच्या मुलाने ती स्वतःच केली आहे. ते गॅरेज! तिथे तो कुणाचा भाऊ नाही. तिथे त्याला पाना कितीचा लागेल हे विचारलं जातं, आणि त्याचं उत्तर कामाचं असतं. कृपा करून ते बंद करू नका. ‘मार्क सुधार, मग गॅरेज’ अशी अटही नको. जिथे त्याला श्वास मिळतोय तीच जागा ओलीस धरल्यासारखं होईल. त्याऐवजी एकदा त्याच्या बाबांनी स्वतः गाडी घेऊन तिथे जावं, बाकावर बसावं, मुलगा काय करतो ते पाहावं आणि घरी येऊन आजीसमोर सांगावं. काकांशी वेळा ठरवून घ्या, वेल्डिंग किंवा पेट्रोलचं काम त्याच्या हाती द्यायचं नाही हे स्पष्ट सांगा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा पैसे देऊन राबवून घेणं आणि शाळेनंतर तासभर शिकणं यातली रेघ काकांनाही माहीत असू द्या. आणि घरात ‘नाहीतर जा आयटीआयला’ असा धाक कुणी घालत असेल तर तो थांबवा. आयटीआय आहे, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, त्यातून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हाताला यंत्र कळणाऱ्या मुलासाठी या चांगल्या वाटा आहेत. त्यांचा शिक्षेसारखा उच्चार झाला की त्या त्याच्यासाठी कायमच्या डागाळतात.

समाज धाकट्याला किती खोलवर घडवतो, किंवा मोडतो, याची याहून कठीण उदाहरणंही महाराष्ट्रात आहेत. तुमच्या शेजारच्याच सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये २८० हून जास्त मुलींची नावं एका समारंभात बदलण्यात आली. त्या सगळ्यांचं नाव नकुसा किंवा नकोशी होतं. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेलं. त्यातल्या कितीतरी जणी तोवर शाळेत रोज हजेरीला त्या नावाने ‘हजर’ म्हणत होत्या. आणि हे नावापुरतं थांबत नाही. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की भारतातली पहिली मुलं उंचीत आफ्रिकेतल्या मुलांपेक्षा मागे नसतात. पुढच्या प्रत्येक मुलागणिक मात्र आपल्याकडे उंची जास्त वेगाने घसरते. थोरल्या मुलग्याला झुकतं माप देण्याच्या आपल्या रीतीशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. गरोदरपणातली काळजी, लसी, ताटातलं अन्न, सगळं क्रमाक्रमाने कमी होत जातं. माझ्याकडे दुसरी-तिसरी मुलगी म्हणून वाढलेल्या बायका तिशी-चाळिशीत येतात आणि अजूनही खोलीत शिरताना ‘बसू का?’ असं विचारतात.

आणि जिथे पोटाचा प्रश्न असतो, तिथे धाकट्याचं सगळं बालपण थोरल्याच्या हातात असतं. ऊसतोडीच्या हंगामात तुमच्याच भागात येणाऱ्या टोळ्यांत पाहा. आईबाप फडात, आणि कोपीपाशी, म्हणजे त्यांच्या झोपडीपाशी, सात-आठ वर्षांची बहीण कडेवर भाऊ घेऊन. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडला नेलं, तेव्हा त्यांना हेच दिसलं की मोठी मुलं शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर धाकटी असतात. म्हणून त्या वस्तीच्या अंगणात शाळा घेऊन गेल्या, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकट्याला सांभाळणारं कुणी मिळालं की थोरली शिकते, आणि थोरली शिकली की धाकट्याच्याही कानावर अक्षरं पडतात. भावंडांकडे वेगवेगळं बघून चालत नाही, हे त्यांना वर सांगितलेल्या अभ्यासांच्या कितीतरी आधी उमजलं होतं, आणि मला त्याबद्दल त्यांच्याविषयी अपार आदर आहे.

थोरल्यांचा मान धाकट्यांनी राखावा ही आपली रीत, आणि ती वाईट नाही. पण धाकट्याचं ऐकणं हेही आपल्याच परंपरेत आहे. आळंदीच्या चार भावंडांत निवृत्तिनाथ थोरले, ज्ञानेश्वरांचे गुरूही तेच. मात्र ज्ञानदेव रुसून दार लावून बसले तेव्हा त्यांची समजूत घातली ती सगळ्यांत धाकट्या मुक्ताईने, असंच वारकरी परंपरा सांगते. ताटीच्या अभंगांची ओळख प्रत्येक मराठी घराला आहे. गावाने वाळीत टाकलेल्या त्या घरात चौघांनी एकमेकांना जागा दिली होती.

आता तुमच्या घराकडे येते. आजींचे लाड थांबवायला जाऊ नका, लाडाने मुलं बिघडत नाहीत. बिघडवतो तो ‘बिघडलाय’ हा शिक्का. आजींनाच त्याला एखादी पूर्ण जबाबदारी द्यायला सांगा. त्यांच्या बीपीच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरणं, संपत आल्या की आणणं. ‘दही आण, दार उघड, ताईला पाणी दे’ ही कामं तो एरवीही करत असणार, पण ती दुसऱ्यांच्या कामातली पळापळ आहे. धाकट्यांच्या वाट्याला बहुतेक घरांत हेच येतं. जे काम पूर्णपणे त्याचं आहे, जे तो विसरला तर खरंच अडेल, त्याने माणूस सरळ उभा राहतो. आणि तो विसरला तर लगेच ताईने जाऊन ते करून टाकायचं नाही.

‘मीही तसाच होतो’ हे त्याच्या बाबांचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. ते मुलाच्या पाठीमागे निकाल म्हणून सांगण्याऐवजी त्याच्यासमोर गोष्ट म्हणून सांगावं. कुणाशी तुलना व्हायची, काय बोचायचं, कुणी पाठीवर हात ठेवला. तेरा वर्षांच्या मुलाला बापाकडून असं काही ऐकायला मिळणं फार मोलाचं असतं. हे समोरासमोर बसून जमत नसेल तर गाडीवरून जाताना सांगावं, तिथे एकमेकांकडे पाहावं लागत नाही.

कपडे, पुस्तकं, सायकल ताईची वापरायला हरकत नाही, काटकसर चांगलीच. फक्त आठवीच्या पुस्तकांवर तिच्या अक्षरातली उत्तरं आणि ‘व्हेरी गुड’चे शेरे असतील तर एवढी पुस्तकं नवी घ्या. ताईला त्याची शिकवणी देऊ नका. सोळा वर्षांच्या मुलीवर स्वतःच्या अकरावीचं ओझं पुरेसं आहे, आणि ‘आदर्श’ राहण्याचंही एक ओझं असतं, त्याबद्दल तिला कधी विचारून पाहा. दोघांना सगळं अगदी सारखं मिळालंच पाहिजे असंही नाही. मुलं वेगळी वागणूक सहन करतात, कारण पटलं तर. तिला वेगळी खोली का आणि त्याला का नाही, हे त्याला सांगा आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या.

शाळेत वर्गशिक्षिकांना एकदा एकट्या भेटा. तक्रार नको, एवढीच विनंती करा की वर्गात त्याच्याशी बोलताना ताईचं नाव घेऊ नये, आणि जमलं तर प्रयोगशाळेच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या तयारीत त्याच्या हाताला काम द्यावं. बहुतेक शिक्षक हे ऐकतात. ‘अमकीचा भाऊ ना तू?’ हे ते कौतुकानेच म्हणत असतात. नातेवाइकांचं तोंड धरता येत नाही, पण गणपतीत मामा-मावशीने ‘काय, ताईचा रेकॉर्ड मोडणार ना?’ असं विचारलं तर त्याच्या आधी तुम्ही उत्तर द्या: “त्याचं त्याचं चाललंय छान.” एवढ्या एकाच बाबतीत त्याच्या वतीने बोलायला माझी परवानगी आहे.

एक गोष्ट तपासल्याशिवाय राहू नका. ‘धाकटा, लाडावलेला’ या आवरणाखाली वाचनाच्या, लेखनाच्या किंवा गणिताच्या खऱ्या अडचणी वर्षानुवर्षं झाकल्या जातात. डोळे तपासून घ्या. तो मोठ्याने वाचताना अडखळतो का, फळ्यावरचं उतरवताना अक्षरं गाळतो का, तोंडी येतं पण लिहिता येत नाही असं होतं का, हे पाहा. तसं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत सवलती आहेत. शिवाय बोलका मुलगा वर्षभरात गप्प झालाय, यामागे शाळेत कुणी छळत असण्याची शक्यता गृहीत धरून शांतपणे विचारा. गॅरेजमध्ये तो रमतो हे चांगलं लक्षण आहे. मात्र तिथेही जावंसं वाटेना, झोप-भूक बिघडली, मित्र तुटले आणि हे दोन आठवडे टिकलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही बोलला तर त्याच दिवशी. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीत, मोफत बोलता येतं.

फरक पडायला दोन-तीन महिने लागतील, आणि तो गुणांत आधी दिसणार नाही. बहुधा तो वाद घालायला लागेल. ‘मला हे नको,’ ‘तुम्ही मला विचारलंच नाही,’ असं जेवताना सगळ्यांसमोर म्हणेल. आवाजही चढेल कदाचित. तेव्हा ताईला मध्ये पडू देऊ नका, आजींना डोळ्यांनी थांबवा आणि त्याला वाक्य पूर्ण करू द्या.